शंभर पेशी, सतरा अक्षरं

मंगळवार, रात्रीचे साडेदहा

आज चार दिवसांनी कराडात ऊन पडलं आणि आजच माझा एक हायकू, म्हणजे जपानी धाटणीची तीन ओळींची छोटी कविता, जमला, मनासारखा जमला, म्हणून झोपायच्या आधी लिहून ठेवतेय.

पॅथॉलॉजी लॅबमध्ये मला पंधरा वर्षं झाली. सकाळी सातला कलेक्शन, मग सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचे सॅम्पल, मशीनला लावायचे, मशीनने काही वेगळं दाखवलं की त्या सॅम्पलचा स्मिअर करून स्वतः बघायचा. काचेवर रक्ताचा छोटा थेंब, दुसऱ्या काचेच्या कडेने तो पुढे ओढायचा, वाळू द्यायचा, वर लेशमन स्टेन, म्हणजे पेशी रंगवायचा रंग, ओतायचा, दोन मिनिटांनी त्याच्या दुप्पट बफरचं पाणी आणि मग दहा मिनिटं नुसतं थांबायचं. नंतर मायक्रोस्कोपखाली शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या, न्यूट्रोफिल एका बटणावर, लिम्फोसाइट दुसऱ्या, असं करत शंभर भरले की काउंटर टिंग करतो. मधली तीन-चार वर्षं अशी गेली की मी पेशी मोजत होते पण बघत नव्हते. चुका होत नव्हत्या, रिपोर्ट बरोबर जायचे, पण संध्याकाळी घरी आल्यावर दिवस कुठे गेला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

हायकूचं वेड त्या दहा मिनिटांतच लागलं. हातात ग्लोव्हज, मोबाईलला हात लावायचा नाही, मग करायचं काय. अंगठ्याने बोटांची पेरं मोजत अक्षरं जुळवायला लागले, पाच-सात-पाच. पहिला जो झाला तो असा:

दहा मिनिटं
नळ ठिबकतोय
रंग मुरतो

यात काही विशेष नाही हे मला कळतं, पण त्या दिवशी पंधरा वर्षांत पहिल्यांदा मला आमच्या सिंकचा नळ ऐकू आला!

अक्षरं मोजायची सवय आपल्याला नवीन नाहीच म्हणा. शाळेत बाईंनी मोठा अभंग शिकवला होता, सहा-सहा-सहा-चार, तेव्हा पण आम्ही बाकाखाली बोटं मोजायचो. आणि आजी जात्यावर बसली की ओवी म्हणायची, तिला मोजणं वगैरे माहीत नव्हतं, अक्षर कमी पडलं की जात्याच्या फेऱ्यात ती ते लांबवून घ्यायची आणि जास्त झालं की गिळून टाकायची. पहाटे चारला उठून पायलीभर दळायचं म्हणजे काय कष्ट असतील, पण ती सांगायची की गाणं असलं की दळण कधी सरतं कळत नाही. माझं मात्र उलटं झालंय, हायकू असला की काम सरत नाही, जास्त वेळ डोळ्यासमोर राहतं, आणि मला तेच हवं आहे.

मोजण्यात एक गंमत आहे. जपानीत आपल्यासारखी अक्षरं मोजत नाहीत, उच्चाराच्या मात्रा मोजतात. दीर्घ स्वराच्या दोन, शेवटच्या न् ची वेगळी एक, 'प्प'मधल्या अर्ध्या प् चीही एक, म्हणजे 'निप्पोन' चार होतं आणि 'तोक्यो'सुद्धा चार, कारण त्यातले दोन्ही ओ लांब आहेत. आपल्या अक्षरछंदात ऱ्हस्व-दीर्घ सगळं एकच, जोडाक्षरही एकच. आणि 'हात' आपण बोलताना हात् म्हणतो पण मोजताना दोन धरतो. मी दोनच धरते, आजीच्या ओवीत तो शेवटचा 'त' पूर्ण ऐकू यायचा.

मध्यंतरी मी फार सजवायला लागले होते. स्मिअर बघताना सुचलं होतं, काचेवरती / जांभळ्या चांदण्यांची / वस्ती उतरे. आठवडाभर मी या ओळींवर खूश होते, मग एका दुपारी पुन्हा मायक्रोस्कोपमध्ये बघितलं तर त्यात चांदण्या कुठेच नव्हत्या. ईओसिनोफिल नावाची पांढरी पेशी होती, दोन पाकळ्यांचं केंद्रक, चष्मा उलटा ठेवल्यासारखं, आणि भोवती नारिंगी दाणे इतके स्पष्ट की डाळिंब सोललंय असं वाटावं. हे मी रोज बघते आणि लिहिताना चांदण्या लिहिल्या, म्हणजे तेव्हाही बघितलं नव्हतंच. त्या ओळी खोडल्या.

मराठीत हायकू रुजवला तो शिरीष पै यांनी, पण माझ्या मनात घर केलंय ते जपानी कवी मासाओका शिकीने. रेंगा नावाची साखळी कविता असते, तिचा पहिला तुकडा म्हणजे होक्कू, तो वेगळा काढून स्वतंत्र कविता म्हणून त्याला हायकू हे नाव शिकीने रूढ केलं. त्याचं म्हणणं असं की जे समोर आहे त्याचं रेखाटन करा, जपानीत त्याला शासेई म्हणतात. आणि या माणसाला टीबी होता. शिकी हे टोपणनावसुद्धा त्याने एका कोकीळ जातीच्या पक्ष्यावरून घेतलं, जो रक्त ओकेपर्यंत गातो अशी तिकडे समजूत आहे. पुढे टीबी मणक्यात गेला, शेवटची वर्षं अंथरुणात, कूस बदलता येत नव्हती, तरी मरणाच्या दोन-तीन दिवस आधीपर्यंत त्याची रोजनिशी पेपरात छापून येत होती. 1902 च्या सप्टेंबरात गेला तेव्हा पस्तिशीही पूर्ण नव्हती. शेवटचे तीन हायकू त्याने घोसाळ्याच्या वेलावर लिहिले, दारातच मांडव होता, आणि त्या वेलाचं पाणी कफावर औषध म्हणून घ्यायचे. हे वाचलं तेव्हा मी उठून आमच्या परसातला घोसाळ्याचा वेल बघून आले, रात्रीचे अकरा वाजले होते.

गेल्या महिन्यातला एक मला आवडतो. एका आजींची कोपरात शीर लागेना, मग हाताच्या पाठीवर बघायला घेतलं, त्यांनी स्वतःच बांगड्या मागे सारल्या.

हिरवा चुडा
सरके जरा वर
शीर दिसली

शीर मिळाल्यावर जो जीव भांड्यात पडतो तो यात आलाय असं मला वाटतं. पूर्वी मला अशा अवघड शिरांचा वैताग यायचा. आता सावकाश बोट फिरवते, त्वचेखाली ती मऊ, उसळणारी जागा शोधते, त्यात एक वेगळाच आनंद आहे.

आणि आज. दुपारी एक बेडक्याची स्लाइड आली होती. टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणाऱ्या सीबीनॅट मशीनचे दिवस आले तरी आमच्याकडे अजून झेडएन, म्हणजे झील-नील्सन पद्धतीने रंगवणं, करतो, आधी कार्बोल फुक्सिनचा लाल, मग ॲसिडने तो धुवून काढायचा, मग मिथिलीन ब्लू. टीबीचा जंतू ॲसिडला दाद देत नाही, गुलाबीच राहतो, बाकी सगळं निळं होतं. इथेही शंभर फील्ड, म्हणजे मायक्रोस्कोपमधून एका वेळी दिसणारा काचेचा तुकडा, अशी शंभर बघायची. सत्तरीच्या पुढे गेले तरी काही नव्हतं, पूर्वीची मी असते तर उरलेली भरभर सरकवली असती. आज एकेक फील्ड फोकस खालीवर करून बघत होते, आणि एका ठिकाणी जंतूची ती गुलाबी काडी दिसली, बारीक, किंचित वाकलेली. पुढच्या फील्डांत आणखी दोन. सरांना दाखवलं, ते म्हणाले, हो, स्कँटी लिहा, म्हणजे जंतू आहेत पण अगदी थोडे.

रजिस्टरमध्ये लाल पेनाने लिहिलं. शिकी आठवला. त्याच्या काळी हे दिसायचं पण त्यावर औषध नव्हतं, आज सहा महिन्यांच्या गोळ्या आहेत. हात धुताना खिडकीतून ऊन थेट सिंकवर पडलं होतं आणि पेरं न मोजताच सतरा अक्षरं आली:

निळ्या रंगात
एक गुलाबी काडी
बाहेर ऊन

उद्या सकाळी सातला कलेक्शन आहे, सोमवारच्या स्टेनची बाटली संपत आली आहे, नवीन गाळून ठेवायची आहे.