सुटलेला दिवस सोडून द्या

आजची नोंद लिहून वही मिटली आणि वाटलं, ज्यांची रोजनिशी तिसऱ्या आठवड्यात थांबते त्यांच्यासाठी हे लिहावं.

बहुतेकदा ती थांबते सुटलेल्या दिवसांमुळे. चार दिवस चुकले की माणूस चारही दिवसांचं एकदम लिहायला बसतो, दमतो, आणि वही कपाटात जाते. सुटलेलं सोडा, आजची तारीख घाला. वही साधी २०० पानी घ्या. भारी डायरीत खाडाखोड करायला हात धजत नाही. जेवणानंतर १० मिनिटं, ५-६ ओळी, पुरे.

लिहायचं काय? 'आज छान वाटलं' नको, सहा महिन्यांनी त्यातून काहीच आठवत नाही. मेथीची जुडी कितीला मिळाली, आई फोनवर नेमकं काय म्हणाली, ते लिहा. पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या रोजकीर्दी म्हणजे रोजचा जमाखर्चच की! पण त्यातूनच अभ्यासकांना त्या काळचं जगणं सापडतं. लिहिणाऱ्या कारकुनांना याची कल्पनाही नसेल.

महिनाअखेरीला मागची पानं मात्र नक्की वाचा, हातात पेन्सिल घेऊन. जे पुन्हापुन्हा येतंय त्याच्या समासात खूण करा. दुखणं असो, हुरूप असो, पुढच्या महिन्यात कशावर लिहायचं ते तिथेच कळतं.