दीड एमएमची चावी

दुपारी आईच्या कानाच्या मशीनचे सेल शोधत होतो. शर्टाच्या बटणापेक्षा लहान असतात ते, एकदा हातातून सुटले की पलंगाखाली जाऊनच थांबतात. शिलाई मशीन कधीच गेलं पण त्याचा खण आमच्याकडे राहिलाय, आणि घरात जे सापडत नाही ते त्या खणात आहे असं सगळ्यांनी धरून ठेवलंय. उघडला तर रबरबँड, लग्नपत्रिकेवरून कापून ठेवलेले गणपती, दोन मेलेले मोबाइल, एका कुलपाशिवायची किल्ली, आणि तळाशी एलन की. काळी, एल आकाराची, अगरबत्तीच्या काडीएवढी जाड. दीड एमएमची.

ही बेसची. बेस म्हणजे खालचे, जाड सूर वाजवणारी चार तारांची गिटार. तिच्या ब्रिजवर, म्हणजे तारा जिथं अडकवतात त्या पट्टीवर, चार तारांखाली चार टेकू असतात, सॅडल म्हणतात त्यांना, त्यांची उंची वरखाली करायला लागते ही. बेस गौरी जेवल्या त्या दिवशी गेला, चावी इथंच राहिली.

घेतला होता गेल्या वर्षी दसऱ्यानंतर. बडोद्यात सेकंडहँड घ्यायचं तर ज्या घरी कोणाचा तरी व्हिसा आलाय तिथं जावं. अलकापुरीतलं घर, मुलगा कॅनडाला चाललेला, हॉलमधे बुलेटची ॲक्सेसरी, गेमिंगची खुर्ची, क्रिकेटचं किट, सगळ्यावर चिकटपट्टीने भाव लावलेले, आणि त्याची आई प्रत्येक वस्तू दाखवताना ‘आ तो नवी ज छे’ म्हणायची आणि पदराने डोळे पुसायची. अशा ठिकाणी घासाघीस करायला जीभ वळत नाही. मी तरी दोन हजार कमी केलेच, चौतीसला घेतला.

व्हिंटेज स्टाईल. म्हणजे दिसायला साठच्या दशकातला आणि बनलेला चार वर्षांपूर्वी इंडोनेशियात. मधे पिवळा आणि कडेकडेला काळा होत जाणारा रंग, कासवाच्या पाठीसारखी प्लॅस्टिकची पट्टी, आणि मान अशी की जणू पन्नास वर्षं कोणीतरी सिगरेट ओढत वाजवलीये. नवं मेपल पांढरंफटक असतं, त्यावर फॅक्टरीतच चहाच्या रंगाचं वॉर्निश मारतात. मला हे कळत होतं, तरी पाहिल्यावर पोटात काहीतरी झालं, खोटं कशाला बोलू.

फिंगरबोर्ड, म्हणजे मानेवरची बोटं दाबायची पट्टी, कशाचा विचारलं तर पोरगा म्हणाला ‘इंडियन लॉरेल’. घरी येऊन बघितलं तर ते आपलं ऐन. कोकणातल्या आजोळच्या घराच्या वाशांचं ऐन! पूर्वी ह्या पट्ट्या शिसवीच्या असायच्या, २०१७च्या जानेवारीपासून शिसवीच्या परदेशी व्यापाराला परवान्यांची कटकट लागली तशा कंपन्या भराभर दुसऱ्या लाकडांकडे वळल्या. म्हणजे ऐन इथून गेलं, तिकडे लॉरेल झालं आणि बेसवर बसून अलकापुरीत उतरलं. आजोबा असते तर म्हणाले असते, वाशाला चौतीस हजार?

मूळ माल १९५१चा. तोवर बेस म्हणजे माणसापेक्षा उंच तो उभा डबल बेस, बँडमधे धड ऐकूही यायचा नाही आणि नेताना गाडीच्या टपावर बांधावा लागायचा. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात लिओ फेंडर नावाच्या माणसाने तो आडवा करून गळ्यात घातला, ३४ इंच लांबीच्या तारा लावल्या, मानेवर फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, ठोकले. आता बोट जरा मागेपुढे पडलं तरी सूर नेमका, म्हणून नाव प्रिसिजन. १९५७ साली पिकअपचे, म्हणजे तारेची थरथर पकडणाऱ्या चुंबकाचे, दोन तुकडे केले आणि त्यानंतर आजतागायत त्यात बदलण्यासारखं कोणाला फारसं सापडलेलं नाही. हा लिओ मुळात रेडिओ रिपेअर करणारा, दुकान होतं त्याचं. आणि त्याला स्वतःला गिटार वाजवता यायची नाही. ही माहिती मला फार धीर देते.

कारण मलाही काही खास येत नाही. एमएस युनिव्हर्सिटीत असताना गिटारवाले पाच होते आणि बेसवाला एकही नाही म्हणून मला उभं केलं, जगातले निम्मे बेसवाले असेच तयार होतात. ज्या गावात मौलाबख्शांनी १८८६ साली गायनशाळा काढली, जिथं आमच्या दांडिया बाजारच्या वाड्यातल्या प्रत्येक घरी एक पेटी आणि एक ‘जरा बसून म्हण की’ म्हणणारी आत्या होती, तिथं मी घूं घूं वाजवायला लागलो. बाबा एवढंच म्हणाले, हे गाण्याच्या आधीचं आहे का नंतरचं?

तर बेस घरी आला आणि मी त्याच्या मागे लागलो. आधी तारा. फॅक्टरीच्या चकचकीत राउंडवाउंड काढून चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या फ्लॅटवाउंड लावल्या, साडेचार हजारांच्या, हात फिरवला तर रेशमाच्या काठासारख्या गुळगुळीत. मोटाउन ह्या अमेरिकन कंपनीच्या रेकॉर्डांवर बेस वाजवणारा जेम्स जेमरसन, १९६२चा प्रिसिजन होता त्याच्याकडे, तो म्हणे तार तुटेपर्यंत बदलायचाच नाही, जितका मळ तितका आवाज चांगला. हे वाचल्यावर मी आठवडाभर दुपारची सेव उसळ खाऊन हात न धुता वाजवायला बसलो. बायकोने बघितलं तेव्हा थांबलो. मग पिकअप बदलला, नऊ हजार. मग ती कासवाची पट्टी बदलली कारण पहिल्या कासवात लाल जास्त होतं, अठराशे. पंचमच्या ताफ्यात टोनी वाझ बेस वाजवायचे, ते असल्या पट्ट्यांच्या भानगडीत पडले असतील असं वाटत नाही.

आणि मग कंडेन्सर. बेसच्या आत टोनच्या बटणाला एक कंडेन्सर असतो, बटण फिरवलं की वरचा टणटणीत आवाज त्यातून अर्थला जातो आणि खालचा गोल आवाज उरतो. बाजारात तो दहा रुपयांना मिळतो. ज्यांना वेड लागलंय ते मेणकागद आणि तेलवाला जुना शोधतात आणि त्याला हजारो मोजतात. माझं लक्ष माळ्यावर गेलं. बाबांचा मर्फी रेडिओ.

तो बंद पडून पस्तीस वर्षं झाली असतील. मागचा पुठ्ठा काढला तर आतून वास आला, गरम व्हॉल्व्हचा आणि धुळीचा, इतक्या वर्षांनी तो वास राहतो कसा कोण जाणे. सकाळी बातम्या लागायच्या आधी बाबा तो लावायचे आणि तापेपर्यंत त्याच्यासमोर टॉवेल खांद्यावर टाकून उभे राहायचे, मी लहानपणी समजायचो की रेडिओला माणूस समोर उभं असल्याशिवाय बोलता येत नाही. आत विडीएवढे कंडेन्सर एका रांगेत. एकावर बारीक अक्षरात ०.०५ एमएफडी, म्हणजे मायक्रोफॅरड, कंडेन्सरचं माप. बेसला लागतो ०.०४७, म्हणजे तोच. सोल्डरिंग आयर्न लावून काढला, हात थोडा थरथरला, उगाच. बेसमधे बसवला, पट्टी लावली, स्क्रू आवळले.

फरक? कानाला काहीही नाही. दोन्ही कंडेन्सर आळीपाळीने लावून, मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकलं, शपथेवर सांगतो, शून्य. पण वाजवताना वाटायचा बुवा.

आईला आता मशीन लावूनही अर्धंच ऐकू येतं. ती दिवसभर झोपाळ्यावर. झोपाळा संखेड्याचा, आजोबांनी आणलेला. संखेडा इथून पन्नासेक किलोमीटर, तिथं सागाचे खांब चरकावर कातून त्यावर लाखेचे रंग चढवतात, मरून आणि सोनेरी. आमच्या झोपाळ्यावरचं सोनेरी फक्त दोन ठिकाणी गेलंय, पाटाच्या काठावर उठताना जिथं हात टेकतो तिथं, डावीकडे जास्त, कारण आजोबा डावखुरे. आता १९९५पासून फेंडरची कंपनी नव्या गिटारींवर मुद्दाम ओरखडे काढून, रंग उडवून विकते, आणि न झिजवलेल्यापेक्षा ती महाग! माझं ह्यावर डोकंच फिरतं. कोणाचा हात झिजलाय तिथं? पगारी माणसाचा. पण मग मी चहाचं वॉर्निश मारलेला घेतलाच होता, तेव्हा मी गप्प बसलेलंच बरं.

हां, आई. मी ॲम्प्लिफायर जमिनीवर ठेवून वाजवत होतो, जाडी ई तार, सेकंदाला ४१ कंपनं, आणि ती झोपाळा थांबवून म्हणाली, काय वाजवतोस रे, पायाला कळतंय. मग रोज संध्याकाळी चप्पल काढून पाय लादीवर टेकवून बसायला लागली. कुठलं गाणं ते कळायचं नाही तिला. गाणं नसायचंच.

एवढं सगळं असून विकला का? तर करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून. हा माझा जुना रोग. सायकल, कॅमेरा, फिश टँक, सगळ्यांचं असंच झालंय, जोवर त्यात काहीतरी चुकतंय तोवर रात्री उठून बघून येतो, आणि सगळं जुळलं की तीन आठवड्यांत जाहिरात टाकतो. शिवाय नवरात्राच्या आधी बडोद्यात वाद्याला भाव येतो, प्रत्येक शेरी गरब्याला, म्हणजे गल्लीतल्या गरब्याला, एक वाजवणारी पार्टी लागते, आणि कीबोर्डवर डाव्या हाताने बेस वाजवून कंटाळलेलं एखादं पोरगं असतंच.

फक्त एक गोष्ट जुळली नव्हती. ‘जी’ तारेवर, म्हणजे सगळ्यात बारीक तारेवर, पाचव्या फ्रेटला आवाज मरायचा. बाकी सगळीकडे तार छेडली की सूर कसा लांब चालत जातो, तिथं मात्र टुक् करून बसायचा, ओल्या मडक्यावर टिचकी मारल्यासारखा. ह्याला डेड स्पॉट म्हणतात. लांब मान बोल्टने जोडलेल्या बेसमधे हा बहुतेक ह्याच भागात असतो, त्या सुराला मान स्वतःच थरथरायला लागते आणि तारेची ताकद खाऊन टाकते. डोक्याकडे वजन वाढवलं तर उपाय होतो म्हणतात म्हणून मी सुताराचा सी-क्लॅम्प तिथं आवळला. पाचवा फ्रेट खणखणीत झाला आणि चौथा मेला. क्लॅम्प थोडा सरकवला, तर चौथा जिवंत आणि तिसरा आजारी. सॅडल वरखाली करून झाले, ह्याच दीड एमएमच्या चावीने, त्याने तर काहीच होत नाही हे माहीत असून. शेवटी क्लॅम्प सुताराला परत केला.

पोरगा वाघोडिया रोडचा, वीसबावीसचा. बापाला घेऊन आला. बापाने बेसकडे बघितलंही नाही, माझ्याकडेच बघत राहिला. ‘काका, छेल्लो भाव बोलो ने.’ मी बेचाळीस म्हटलं, अडतीसला तुटलं. पोरगा वाजवत होता, ई तारेवर, ए तारेवर, मान डोलवत. बोट ‘जी’ तारेवर गेलं, तिसऱ्या फ्रेटवर, सातव्यावर. पाचव्यावर गेलंच नाही. मी बघत होतो. काही बोललो नाही. आणि कंडेन्सरही तसाच आत गेला, तो तर पार डोक्यातून गेला होता, रात्री जेवताना आठवला.

बायकोने हिशोब केला. एकोणपन्नास हजार तीनशे घातले, अडतीस आले. अकरा महिने महिना हजार भाड्याने घेतला होतास असं समज, म्हणाली. तीनशे सोड.

बाबांनी स्कूटर विकली होती १९८६ साली, मी सहावीत. आदल्या दिवशी चौकात उभी करून रॉकेलच्या फडक्याने दोन्ही रिम घासून पुसल्या, मला वाटलं विकायची नाही म्हणूनच पुसतायत. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं, रेल्वेतला माणूस होता, त्याने एक चक्कर मारली आणि खूश होऊन पाकीट काढलं. तर बाबा म्हणाले, थांबा. थंडीत चोक दिल्याशिवाय निघत नाही. दुसरा गिअर कधीकधी सुटतो. पावसात प्लग काढून पुसावा लागतो, प्लगपाना डिकीत ठेवलाय. त्या माणसाने पाकीट परत खिशात घातलं, नीट विचार केला आणि तीनशे रुपये कमी दिले. आई आठ दिवस बोलत नव्हती. तीनशे म्हणजे तेव्हा घरभाडं होतं.

चावी हातात घेऊन पोराला फोन लावला. म्हटलं, एलन की राहिलीये, येऊन घेऊन जा. तो म्हणाला, अरे काका, मेकॅनिककडे पूर्ण सेट आहे, टेन्शन नका घेऊ. मी ठेवणार तेवढ्यात, ‘काका, एक वात पूछुं? पांचमा फ्रेट पर आवाज मरी जाय छे.’

मी म्हटलं, सगळ्या बेसना थोडाफार असतो तो.

हे खरं आहे. अगदी खरं आहे. पण बोलताना मलाच ते इतकं खोटं ऐकू आलं की काय सांगू. तो ‘सारु काका’ म्हणाला, मोठ्यांशी वाद घालायचा नसतो तेव्हा इकडची पोरं म्हणतात तसं. मग मी म्हटलं, मला आधीच माहीत होतं. तिकडे कोणीतरी ऑक्टोपॅड तपासत होतं, त्याला ऐकू गेलं का नाही देव जाणे. मी पुढे म्हटलं, हे बघ, आत एक जुना कंडेन्सर आहे, पिवळा, मेणाचा. कधी बदललास तर फेकू नकोस.

‘केम, कीमती छे?’

दहा रुपयांचा आहे, म्हटलं.

सेल फ्रिजवर होते.