तुम्ही विचारलंत म्हणून: बसमध्ये माणसं मावतात किती?

मला बसगाड्यांचं वेड आहे हे कळलं की लोक हमखास हा प्रश्न विचारतात. सरळ उत्तर गाडीतच रंगवलेलं असतं. आजच्या साध्या लाल एसटीत बहुधा ४४ आसनं, शिवाय ठरावीक उभे प्रवासी. पण हे ४४ आले कुठून, ते सांगण्यात मला जास्त रस आहे.

आपल्या नियमांनुसार बस २.६ मीटरपेक्षा रुंद असता कामा नये. पत्रा, सांगाडा वजा जाता आत उरतात फार तर २.४ मीटर. मधली वाट ४० सेंटीमीटरची धरा. पूर्वी एसटीत एका बाजूला तिघांचं आणि दुसऱ्या बाजूला दोघांचं बाकडं असायचं, म्हणजे माणशी ४० सेंटीमीटर. भरल्या अंगाच्या माणसाचे खांदे याहून रुंद असतात. त्यामुळे तिघांतला कडेचा माणूस अर्धा बाकड्यावर, अर्धा वाटेत असे. एक पाय वाटेत रोवायचा, पुढच्या बाकड्याची दांडी घट्ट धरायची आणि कंडक्टर आला की अंग चोरायचं. दोन-दोन आसनं केली की माणशी ५० सेंटीमीटर मिळतात. अशा अकरा ओळी म्हणजे ४४. दिल्लीत १९८२ साली एशियाड झालं, त्यानंतर आपल्याकडे 'एशियाड' नावाने धावू लागलेल्या निमआराम गाड्यांचं अप्रूप होतं ते याच दहा सेंटीमीटरांचं.

रुंदीचं हे दुखणं फार जुनं आहे. पॅरिसमध्ये १६६२ साली गणितज्ञ ब्लेझ पास्कालच्या कल्पनेतून ठरलेल्या मार्गांवर घोडागाड्या सुरू झाल्या. प्रत्येकीत आठ जागा आणि भाडं सगळ्यांना सारखं. सैनिक आणि नोकरचाकरांना मात्र त्यात चढायची बंदी होती, हे वाचून मला आजही राग येतो. जॉर्ज शिलिबीर याने १८२९ साली लंडनमध्ये तीन घोडे जोडून वीस-बावीस माणसांची गाडी काढली. तिथल्या रस्त्यांना ती अवजड पडली आणि पुढे दोन घोड्यांच्या, डझनभर माणसांच्या गाड्या रूढ झाल्या. गर्दी वाढली तसे लोक टपावर बसू लागले. डबल डेकरचा जन्म त्या टपावरचा.

मुंबईत पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली. डबल डेकर आली १९३७ मध्ये. जागेची एवढी टंचाई असलेल्या शहराला याहून शहाणी गाडी मिळाली नसती, असं माझं ठाम मत आहे. रस्त्यावर एका बसची जागा अडवायची आणि वरच्या मजल्यावर आणखी एक बसभर माणसं न्यायची! तिला कंडक्टर मात्र दोन लागत, एक खाली, एक वर. वरच्याची घंटी, मग खालच्याची, तेव्हा कुठे गाडी हलायची. हा दुहेरी पगार हेच तिची संख्या घटवण्याचं एक कारण ठरलं. जुन्या डिझेल डबल डेकर १५ सप्टेंबर २०२३ ला निवृत्त झाल्या. त्याच वर्षी विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित डबल डेकर आल्या, ६५ आसनांच्या. त्या भरपूर याव्यात, कारण मुंबईचे रस्ते काही रुंद होणार नाहीत.

खेड्यातलं गणित निराळं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालं. कितीतरी जणी माहेरी, बाजाराला, दवाखान्यात एकट्या जाऊ लागल्या. फार चांगली गोष्ट झाली. पण शाळा-कॉलेजच्या वेळेला तालुक्याची गाडी बघा. मोफत पासवाल्या मुली दारापर्यंत दाटीवाटीने उभ्या, दप्तरं बसलेल्या आजीबाईंच्या मांडीवर, आणि पुढच्या फाट्यावरची पोरं हात दाखवत राहतात तरी गाडी थांबत नाही. थांबून घेणार कुठे?

अशा वेळी "मोठी गाडी का नाही सोडत?" असं विचारतात. घाटातल्या आणि गावातल्या वळणांवर लांब गाडी वळत नाही. बाकडं पुन्हा तिघांचं करणं तर नकोच. सकाळच्या गाडीमागून अर्ध्या तासाने दुसरी गाडी सुटायला हवी, आणि त्यासाठी आगारात तेवढ्या गाड्या, चालक आणि वाहक हवेत. मागणी करायचीच तर ती ही करा.