बांडगुळांच्या वाटेने सिंहगड

माघ संपत आला की सिंहगड बघावा, असं माझं ठाम मत आहे. धुकं नाही, धबधबे नाहीत, डोंगर पिवळा पडलेला. अशा दिवसांत कोणतं झाड कसं तगून आहे, ते उघडं दिसतं.

स्वारगेटहून सकाळची बस धरली. खडकवासला मागे पडलं की माझं लक्ष आंब्यांवर. मोहोराने भरलेल्या झाडात मध्येच एखादा राखट-हिरव्या, जाड पानांचा झुबका दिसतो, ते बांडगूळ. आतकरवाडीत उतरल्यावर एक फांदी अगदी हाताशी मिळाली. बांडगूळ जिथे चिकटलं होतं तिथे आंब्याची साल फुगून गाठ झाली होती. नळीसारखी नारिंगी फुलं, त्यांवर शिंजीर पक्ष्याची ये-जा. शेजारच्या डहाळीवर दोन बिया चिकट धाग्याने लटकत होत्या. हे काम फुलटोच्याचं. अंगठ्याएवढा पक्षी फळ गिळतो, पण चिकट बी सहजी सुटत नाही, म्हणून शेपूट फांदीला घासतो. बी बरोबर सालीवर बसते, अंकुर साल भेदून आत पाणी वाहणाऱ्या नळ्यांना जाऊन भिडतो.

बांडगुळाची पानं हिरवी आहेत, अन्न ते स्वतः तयार करतं. आंब्याकडून घेतं ते मुख्यतः पाणी आणि क्षार. पण उन्हाळ्यात झाड पाणी राखायला पानांची छिद्रं मिटतं, तेव्हाही बांडगूळ आपली उघडी ठेवून पाणी ओढत राहतं. बांडगुळं फार झाली तर फांदी वाळते.

चढणीला लागल्यावर पांगारा भेटला, पान एक नाही आणि लालभडक फुलं. पुढे निवडुंग, पानं गाळून हिरव्या खोडावर निभावणारा. दोघांनी कातळ आणि कोरडं ऊन सोसायची आपापली रीत शोधली. बांडगुळाने फांदीलाच जमीन मानलं. मला ही रीत कमी प्रतीची वाटत नाही. मुळं धरायला माती नाही, पावसाचं पाणी फांदीवर ठरत नाही, अशा जागी राहून दाखवणं सोपं नाही.

अर्ध्या वाटेवर घाणेरीच्या जाळीवर अमरवेल पसरली होती. पिवळे दोरे, पान नाही, जमिनीशी नातं नाही. हिचं बी मात्र मातीतच रुजतं. कोंबाकडे शिदोरी जेमतेम काही दिवसांची, तेवढ्यात आधार सापडला नाही तर संपलं. म्हणून तो गोल फिरत चाचपडतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं की तिथल्या अमरवेलीचा कोंब टोमॅटोच्या वासाकडे वळतो. एकदा विळखा बसला की खालचं मूळ सुकून जातं.

वर पोचून पिठलं-भाकरी घेतली. हातात ज्वारीची भाकरी, म्हणून वाढणाऱ्या मावशींना टारफुल्याचं विचारलं, ज्वारीच्या मुळांवर जगणारं हे तण. त्यांचं माहेर पुरंदरकडचं.

"लई होता ताई आमच्या वावरात. जवारी पिवळी पडायची. वर दिसेपतूर पीक गेलेलंच आसतंय."

अगदी खरं. टारफुल्याचं बी धुळीसारखं बारीक, वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं आणि ज्वारीच्या मुळांतून पाझरणारं रसायन लागलं की उगवतं. कोवळं मूळ ज्वारीच्या मुळाला चिकटतं, सगळी लूट जमिनीखाली. ज्वारी ते रसायन सोडते ती मातीतल्या उपयोगी बुरशीला बोलवायला, विशेषतः जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) कमी असलं की जास्त. त्यामुळे हलक्या, उपाशी जमिनीत टारफुला माजतो.

"मग काय केलंत?"

"भुईमूग घेतला. आन् जो दिसंल तो फुलायच्या आत उपटायचा."

भुईमुगाच्या मुळांनाही टारफुल्याचं बी फसून उगवतं, पण तिथे त्याला चिकटता येत नाही, आणि कोंब मरतो. मावशींच्या घरी हे रसायनाचं नाव न घेता चालत आलंय. दुसरी भाकरी वाढत त्यांनी सांगितलं, भाऊ अजूनही ज्वारीनंतर भुईमूगच घेतो.