हितसंबंध जाहीर झाल्यानंतर संपादकाने काय करायचे?

शोधनिबंध सादर करताना बहुतेक नियतकालिके लेखकांकडून हितसंबंधांविषयीचे, म्हणजे निष्कर्षांवर प्रभाव टाकू शकणाऱ्या आर्थिक वा व्यक्तिगत संबंधांविषयीचे, निवेदन मागतात. पुष्कळदा संकेतस्थळावर फाइल चढवता चढवता एकच लेखक सर्वांच्या वतीने ‘कोणतेही हितसंबंध गुंतलेले नाहीत’ असे लिहून मोकळा होतो; सहलेखकांना त्याने विचारलेले असतेच असे नाही. हे निवेदन उपचारापुरते उरले याचा दोष मी लेखकांइतकाच संपादकांनाही देईन, कारण ते हाती आल्यावर पुढे काय करायचे हे ठरवून ठेवलेली नियतकालिके माझ्या पाहण्यात फार थोडी आहेत.

यासंदर्भात साखरेचे प्रकरण मुळापासून पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील साखर उद्योगाच्या ‘शुगर रिसर्च फाउंडेशन’ या संस्थेने हार्वर्डमधील आहारशास्त्रज्ञांना साडेसहा हजार डॉलर देऊन आहार व हृदयविकार यांवरील संशोधनाचा आढावा लिहून घेतला. १९६७ मध्ये तो ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साखरेवरील संशय सौम्य केलेला होता, सारा भर स्निग्ध पदार्थांवर होता आणि फाउंडेशनच्या पैशाचा उल्लेख कोठेही नव्हता. क्रिस्टिन कर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुना पत्रव्यवहार धुंडाळून २०१६ मध्ये हे उजेडात आणले. आढाव्याचे उद्दिष्ट फाउंडेशनने ठरवले होते, विचारात घ्यायचे काही लेख तिनेच पुरवले होते आणि मसुदेही तिच्याकडे गेले होते, असे त्या पत्रांवरून दिसते.

दोन अभ्यासकांनी २०१८ मध्ये ‘सायन्स’मध्ये यावर आक्षेप घेतला. स्निग्ध पदार्थांविषयीचे मत त्या शास्त्रज्ञांचे आधीपासूनच होते, उद्योगांकडून निधी घेणे त्या काळी रूढ होते आणि म्हणून याला कारस्थान म्हणता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. आढावा छापणाऱ्या ‘न्यू इंग्लंड जर्नल’ने लेखकांकडे आर्थिक संबंधांची विचारणा सुरू केली तीच मुळी १९८४ मध्ये. हा आक्षेप मला वजनदार वाटतो, आणि नेमक्या त्याच कारणाने निवेदनाची गरज अधिक पटते. लेखकाची बुद्धी विकली गेली होती की नाही, हे पन्नास वर्षांनंतर सोडाच, त्याच आठवड्यातही संपादकाला ठरवता येत नाही. मात्र पैसा कोणाचा, मसुदा कोणी वाचला आणि प्रकाशन रोखण्याचा अधिकार कोणाकडे होता, एवढे त्याला विचारता येते, आणि ती उत्तरे निबंधाच्या पहिल्या पानावर छापताही येतात.

ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफील्ड यांच्या निबंधाबाबत हे प्रश्न वेळेवर तडीस गेले नाहीत. गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा, बारा मुलांवरील तो निबंध फेब्रुवारी १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला. लस उत्पादकांविरुद्ध दाव्याची तयारी करणाऱ्या वकिलांमार्फत वेकफील्ड यांना पैसे मिळत होते, हे पत्रकार ब्रायन डीअर यांनी २००४ मध्ये उघड केले. ते आधी माहीत असते तर लसीसंबंधीचा भाग छापलाच नसता, असे संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी तेव्हा सांगितले. तरीही संपूर्ण निबंध मागे घ्यायला फेब्रुवारी २०१० उजाडले.

पैशाचे संबंध निदान कागदावर सापडतात. परीक्षकांची, म्हणजे छापण्यापूर्वी निबंध तपासणाऱ्या तज्ज्ञांची, गोष्ट अधिक अवघड आहे, विशेषतः मोडी कागदपत्रे किंवा जुने मराठी शिलालेख यांसारख्या विषयांत, जिथे जाणकार मोजके आणि ते बहुधा एकमेकांचे विद्यार्थी, मार्गदर्शक किंवा जुने सहकारी असतात. नाव झाकून पाठवलेल्या निबंधातही वाचन कोणाचे हे दोन परिच्छेदांत ओळखू येते. संबंध असलेल्या प्रत्येकाला वगळले तर परीक्षकच उरणार नाही, हे मला मान्य आहे. परंतु मार्गदर्शकाने आपल्याच विद्यार्थ्याचा निबंध तपासू नये आणि संपादकाने स्वतःचा निबंध स्वतःच्याच नियतकालिकात दिला, तर परीक्षक निवडण्यापासून अंतिम निर्णयापर्यंतचे सर्व काम दुसऱ्या संपादकाकडे सोपवावे, एवढ्या दोन बाबतींत सवलत असता कामा नये. निबंध लिहिणाऱ्या संपादकाला परीक्षकांची नावे संगणक प्रणालीतही दिसू नयेत, ही व्यवस्था पुष्कळ ठिकाणी राहून जाते.

इतर बाबतींत मी परीक्षणाचे निमंत्रण आले की स्वीकारण्यापूर्वीच संपादकाला कळवतो, की लेखक कोण असावेत याचा मला अंदाज आहे आणि त्यांच्याशी माझा अमुक संबंध आहे. अहवाल घ्यावा, दुसरा परीक्षकही नेमावा की मला वगळावे, हे त्यांनी लेखी ठरवावे. क्वचित उत्तर येते. उत्तर येईपर्यंत मी निबंध उघडत नाही.