दक्षिणेकडून वर: इलिनॉयचे सिकाडा

सिकाडा म्हणजे रातकिडा नव्हे. कोकणात मे महिन्यात भर दुपारी झाडांवरून कानठळ्या बसवतो तो किडा. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात त्याचे दोन प्रकार: दर उन्हाळ्यात दिसणारे, आणि १३ किंवा १७ वर्षांनी जमिनीतून एकदम वर येणारे.

दुसऱ्या प्रकारासाठी दक्षिणेकडून उत्तरेकडे जावं. वीस सेंटिमीटर खोल माती १८ अंश सेल्सिअसला पोचली की पिल्लं बाहेर पडतात, आणि ही ऊब दक्षिणेत आधी येते. म्हणून २०२४ मध्ये मेच्या मध्यावर कार्बनडेल, महिनाअखेर स्प्रिंगफील्ड आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात शिकागोजवळचं लाइल असा मार्ग धरला. त्या वर्षी दक्षिण-मध्य भागातला १३ वर्षांचा थवा आणि उत्तरेतला १७ वर्षांचा थवा एकाच वेळी निघाले होते. आधी हे १८०३ मध्ये झालं, पुन्हा २२४५ मध्ये होईल. पण दुप्पट गर्दी दिसेल ही अपेक्षा चुकीची: दोघांच्या हद्दी स्प्रिंगफील्डच्या आसपास जेमतेम भिडतात, आणि तिथले त्यांचे मोठे किडे दिसायला-ऐकायला इतके सारखे की वेगळे काढता येत नाहीत.

कात टाकताना बघायचं असेल तर सूर्यास्तानंतर जुन्या झाडाच्या बुंध्याशी बसावं. दिवसा तिथे बोटभर रुंद भोकं हेरून ठेवावीत. ओल्या जमिनीत त्यांच्यावर चिखलाची छोटी धुराडी उभी असतात. पिल्लू खोडावर चढून नख्या रोवतं, पाठ उलते, पांढरंफटक अंग मागे झुकून उलटं लोंबतं. मग ते उसळी घेऊन स्वतःचीच कात धरतं आणि शेपटाचं टोक सोडवतं. डोळे तेव्हाही लाल, मानेमागे दोन काळे डाग. तासाभरात पंख ताठ होतात, सकाळपर्यंत अंग काळं. या तासात हात लावू नये: पंख भरण्याआधी किडा खाली पडला तर ते चुरगळलेलेच वाळतात आणि तो कधीच उडत नाही.

गाणं सुरू व्हायला आणखी चार-पाच दिवस लागतात. गातो नरच. दक्षिणेच्या पट्ट्यात कान देऊन ऐकण्यासारखी गोष्ट आहे: १३ वर्षांच्या ट्रेडेसिम जातीचा सूर सुमारे ११०० हर्ट्झचा, खर्जातला, त्याच्या शेजारी राहणारी निओट्रेडेसिम आपला सूर १७०० च्या आसपास चढवते, म्हणजे माद्यांची गफलत होत नाही. लाइलमध्ये १७ वर्षांच्या सेप्टेंडेसिम जातीचा नर ‘फेऽऽरो’ म्हणतो. त्याचा सूर खाली उतरून थांबला की लगेच चुटकी वाजवावी. मादी पंख फडकवून असाच आवाज करते, त्यामुळे नर चालत जवळ येतो. पोटाच्या टोकाला खडूसारखा पांढरा गोळा दिसला तर ती मॅसोस्पोरा बुरशी. ती झालेले नरसुद्धा मादीसारखे पंख फडकवतात आणि फसलेल्या नरांना लागण देतात.

नव्या वसाहतीत उतरलात तर तिथे शोधू नका. मधल्या वर्षांत झाडं तोडून माती खरवडली असेल तर तिथली पिढी संपलेली असते. हे बघून फार वाईट वाटतं.

मादी पेन्सिलीएवढ्या फांद्या चिरून अंडी घालते. मग शेंडे करपून लोंबतात. मोठ्या झाडाचं काही बिघडत नाही. कोवळ्या रोपाला सहा मिलिमीटरपेक्षा मोठी भोकं नसलेली जाळी घालावी आणि ती खोडाशी घट्ट बांधावी. खाली मोकळी सोडली तर किडे आतच चढतात. औषध फवारू नये, पक्षी तेच किडे खातात.

जुलैपासून दरवर्षीचे निओटिबिसेन सुरू होतात: मोठे, हिरवट-काळे, डोळे काळसर, थव्याने नव्हे तर विखुरलेले. त्यांचंही बालपण जमिनीखाली काही वर्षं जातं, फक्त सगळे एकाच साली निघत नाहीत. त्यांतला कॅनिक्युलॅरिस दुपारी लाकूड कापणाऱ्या करवतीसारखा एकसूर लावतो. प्रुइनोसस हेलकावे घेत गातो, आणि त्याच्यासाठी संध्याकाळी झाडाखाली थांबावं.