अण्णा, उंबरा अन लाल पट्ट्या

अण्णांना कंपवात (पार्किन्सन) होऊन सहा वर्षं झाली. दवाखान्यात गेलं की अण्णा झक्कास चालतात, लांबरुंद कॉरिडॉर, मोकळी जागा, डॉक्टर म्हणणार छान आहे की, अन घरी माजघरातून ओसरीवर येताना उंबऱ्यापाशी पाय जागीच चिकटले. धड पुढं नाही धड मागं नाही. याला फ्रीझिंग म्हणतात, अरुंद दारात अन वळताना जास्त होतं, हे मला लई उशिरा कळलं.

केजजवळच्या आमच्या गावातून आठवड्याला तीनदा संभाजीनगरला फिजिओकडं कोण नेणार? सोयाबीन काढणीत तर नावच काढू नका. म्हणून व्हिडिओ कॉलवर सुरू केलं, माझा काही विश्वास नव्हता. पण मॅडम पहिल्याच दिवशी म्हणल्या, फोन फिरवा, घर दाखवा. तिथं उंबरा दिसला! दवाखान्यात तो कुणाला दिसणार होता.

त्यांनी दाराच्या अलीकडं-पलीकडं एकेका पावलावर रंगीत पट्ट्या मारायला लावल्या. मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन कमी पडलं की आपोआप होणारं चालणं बिघडतं, पण समोर रेघ दिसली की माणूस ती ओलांडायची म्हणून मुद्दाम पाय उचलतो अन तेवढं जमतं. वायरमनची लाल चिकटपट्टी लावली अन अण्णा गेले की ओलांडून! तिसऱ्या दिवशी आईनं फरशी पुसताना अर्ध्या पट्ट्या उपटल्या, आता ऑइलपेंटनं मारल्यात.

पावलांना ठेका द्यायला मेट्रोनोमचं, म्हणजे एका लयीत टकटक करणारं ॲप पण दिलं होतं, त्या टकटकीवर अण्णा जाम वैतागले. जन्मभर भजनात टाळ वाजवलेला माणूस तो. मग मीच टाळ घेऊन मागं उभा राहिलो, ज्ञानोबा-तुकाराम धरलं, तर पावली खेळल्यासारखे अंगणभर फिरले, मॅडम तिकडून हसायल्या.

घड्याळानं मात्र फजिती केली. पावलं मोजायला स्मार्टवॉच बांधलं तर खाटेवर बसल्या बसल्या दीड हजार पावलं! हात सेकंदाला 4 ते 6 वेळा थरथरतो, घड्याळाला वाटतं अण्णा चालायलेत. त्याचा स्क्रीनशॉट पाठवून मी शाबासकी पण घेतली होती. आता पावलं मोजायला फोन अण्णांच्या बंडीच्या खिशात ठेवतो.

कॉलची वेळ कंपवाताच्या गोळीनंतर तासाभरानं घ्या, गोळी लागू असताना अंग हलकं असतं. अन शेजारी माणूस पाहिजेच. एकदा मी चार्जर आणायला आत गेलो तेवढ्यात अण्णा वळताना पडले, नशीब खाटेवर पडले, मॅडम बिचाऱ्या फोनमधून नुसत्या ओरडत होत्या.

सध्या आवाजाचा व्यायाम चालूय, आठवड्याला चार दिवस, तास-तासभर, असे चार आठवडे. पोटातून जोरात "आऽऽ" करायचं. पहिल्या दिवशी शेजारचे बापू काठी घेऊन पळत आले, त्यांना वाटलं घरात साप निघाला.